शाळेत असतानाच मुलांना कामांची ओळख: नेमकं काय, कधी आणि कसं करायचं?

खडूफळा (धागाकर्ता)

बारा ते सोळा वयाच्या मुलांना 'पुढे काय करणार?' विचारलं की उत्तरं दहा-बारा ठरलेल्या नावांतच फिरतात. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीबरोबर पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, तिसाव्या वर्षी तुम्ही कोणतं काम करत असाल? ४१ देशांच्या आकडेवारीत ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली आपापल्या यादीतल्या फक्त दहा व्यवसायांत मावल्या.

घरात, शाळेत आणि पडद्यावर जी कामं दिसतात तीच मुलांच्या यादीत येतात. त्यामुळे निवडीचा प्रश्न विचारण्याआधी कामं दाखवायला हवीत, आणि वर्षातून एकदा करिअर मेळावा भरवून ते होत नाही. मेळाव्यात मुलं पत्रकं गोळा करतात आणि प्रवेशाची जाहिरात ऐकतात. त्या कामातला माणूस सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय हातात घेतो, हे तिथे कळत नाही. मुलांना पदनामं पुष्कळ माहीत असतात, कामाचा दिवस माहीत नसतो. या धाग्यावर कामाचा दिवस कसा दाखवायचा, एवढंच बोलू या. प्रेरणादायी भाषणं आणि 'टॉप टेन करिअर' याद्या कृपया नकोत.

सुरुवातीला एक व्यायाम देतो. साहित्य काहीच लागत नाही, एक तासिका पुरते.

एक साधी वस्तू घ्या, उदाहरणार्थ औषधाच्या गोळ्यांची पट्टी. चार-चार मुलांचे गट करा. पहिली दहा मिनिटं, ही पट्टी हातात येईपर्यंत कोणाकोणाचं काम झालं ते लिहायचं. गट साधारणपणे डॉक्टर, कारखान्यातले कामगार, ट्रकचालक, दुकानदार एवढ्यावर थांबतात. मग शिक्षकाने एकेक प्रश्न फळ्यावर टाकायचा आणि प्रत्येकाला तीन मिनिटं द्यायची: हे चुकलं तर कोण पकडतं? यंत्र बंद पडलं तर कोण येतं? नियम पाळले का हे कोण तपासतं? यावरचा मजकूर कोणी लिहिला? विकल्यानंतर त्रास झाला तर नोंद कोण ठेवतं? आता गुणवत्ता तपासनीस, साचे बनवणारा, यंत्र देखभालीचा तंत्रज्ञ, माहितीपत्रक लिहिणारा, नियामक कागदपत्रं सांभाळणारा, दुष्परिणामांच्या नोंदी तपासणारा, गोदामाचं तापमान सांभाळणारा असे बाहेर येतात. उरलेल्या वेळात प्रत्येक गटाने ज्याच्याबद्दल काहीच माहिती नाही असं एक काम निवडायचं आणि त्या माणसाला विचारायचे पाच प्रश्न लिहायचे. हे प्रश्न जपून ठेवा. पुढचा पाहुणा कोण बोलवायचा ते त्यावरून ठरतं.

कुतूहल

धाग्यासाठी आभार. पाहुणे बोलावण्याबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

सभागृहात दोनशे मुलं, मंचावर एक यशस्वी व्यक्ती आणि पंचेचाळीस मिनिटांचं भाषण ही रचना सोडून द्या. शेवटच्या पाच मिनिटांत पुढच्या रांगेतली दोन मुलं प्रश्न विचारतात, बाकीची घड्याळ बघत असतात. त्याऐवजी तीन पाहुणे एकाच वेळी बोलवा. आठ ते दहा मुलांचा एक गट एका पाहुण्याजवळ, पंधरा मिनिटं, मग गट पुढच्या पाहुण्याकडे. तासाभरात प्रत्येक मूल तिन्ही माणसांशी समोरासमोर बोलतं. एका फेरीत तीसच मुलं बसतात, म्हणून हे वर्गनिहाय करावं लागतं. शाळेला ते गैरसोयीचं वाटतं, पण इथे तडजोड करू नका.

पाहुण्याला आठवडाभर आधी एक पान पाठवा. त्यात एवढंच लिहा:

- कालचा किंवा परवाचा दिवस तासातासाने सांगा. खास दिवस नको, साधा दिवस सांगा.
- कामात रोज वापरता अशी एक वस्तू आणा, मुलांना हातात घेता येईल अशी.
- कामातला कंटाळवाणा भाग आणि त्रासदायक भाग कोणता, ते सांगा.
- या कामात तुमच्याबरोबर असलेली माणसं कोणकोणत्या वाटांनी आली ते सांगा.
- यशाची गोष्ट, उपदेश आणि संस्थेची जाहिरात टाळा.

दुसरी नेहमीची गडबड म्हणजे सगळे पाहुणे आपापल्या क्षेत्राच्या शिखरावरचे असतात. चौदा वर्षांच्या मुलाला तीस वर्षांचा अनुभव असलेल्या संचालकापर्यंत जाणारी पायरी दिसतच नाही. कामाला लागून तीन ते सात वर्षं झालेली माणसं सगळ्यात उपयोगी पडतात. प्रवेश कसा मिळाला, पहिल्या वर्षी काय जड गेलं, हे त्यांना ताजं आठवतं. शक्य असेल तर एकाच ठिकाणची वेगवेगळ्या पातळ्यांवरची तीन माणसं एकत्र बोलवा. रुग्णालयातून परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि नोंदणी विभाग सांभाळणारी व्यक्ती आली की 'रुग्णालय म्हणजे डॉक्टर' हे समीकरण पहिल्या फेरीतच मोडतं.

दुर्बीण

@कुतूहल, पूर्ण सहमत. किती वेळा करायचं याला एक चांगला आधार आहे. इंग्लंडमध्ये २०१४ साली 'गॅट्सबी' निकष आले. चांगल्या करिअर मार्गदर्शनाचे ते आठ निकष आहेत. त्यातला पाचवा सांगतो की अकराव्या वर्षापासून दरवर्षी किमान एकदा काम देणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसांशी अर्थपूर्ण भेट व्हावी, आणि सहावा सांगतो की सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष कामाच्या जागेचा किमान एक अनुभव मिळावा. 'अर्थपूर्ण' शब्दावर जोर आहे. मुलाला प्रश्न विचारायला मिळाला नाही तर ती भेट मोजू नये.

ब्रिटनमधल्या १९ ते २४ वयाच्या तरुणांच्या एका पाहणीत (२०१२) शाळेत असताना चार किंवा जास्त वेळा असा संपर्क आल्याचं सांगणाऱ्यांमध्ये ना शिक्षणात ना नोकरीत असलेल्यांचं प्रमाण बरंच कमी आढळलं. यावरून 'चार भेटी झाल्या की काम झालं' असं समजू नये, कारण अशा भेटी घडवणाऱ्या शाळांत इतरही गोष्टी चांगल्या असू शकतात. पण एका मोठ्या कार्यक्रमापेक्षा वर्षावर्षांत पसरलेल्या छोट्या भेटी आखाव्यात, या दिशेने ते नक्की बोट दाखवतं.

सूर्यफूल

पालक म्हणून प्रश्न विचारते. हे सगळं छान आहे, पण अभ्यासक्रम तसाच पुरा होत नाही. यासाठी तासिका कुठून आणायच्या? आणि मुलं आधीच थकलेली असतात, त्यात अजून एक विषय?

खडूफळा

@सूर्यफूल ताई, रास्त प्रश्न आहे. वेगळा विषय करूच नका. निम्मं काम चालू विषयांत दहा-दहा मिनिटांत बसतं. गॅट्सबीचा चौथा निकषही अभ्यासक्रमातले विषय कामांशी जोडण्याबद्दलच आहे.

गणितात त्रिकोणमिती शिकवताना मोजणीदार उंची कशी काढतो, हे कोनमापक, दोरा आणि वजन यांच्या मदतीने शाळेच्या इमारतीवरच करून घ्या. मग दोन गटांची उत्तरं का जुळली नाहीत यावर बोला. चूक किती चालते हा प्रश्न मोजणीच्या पेशाचा गाभा आहे, आणि पाठ्यपुस्तकात तो क्वचितच येतो. भाषेच्या तासाला औषधाचं किंवा उपकरणाचं माहितीपत्रक द्या आणि आजीला कळेल असं शंभर शब्दांत लिहायला सांगा, एकही सूचना न गाळता. तांत्रिक लेखन हा पेशा असतो, हे बहुतेक मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं. भूगोलात नकाशावर वीस ठिकाणं द्या आणि एका गाडीचा सगळ्यात छोटा फेरा आखायला सांगा. नंतर दोन ठिकाणांना वेळेची अट घाला. मालवाहतुकीचं नियोजन करणारा माणूस रोज हेच करतो. जीवशास्त्रात काचपट्टी तयार करतानाच सांगा की असं काम दिवसभर करणारा तंत्रज्ञ नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक नमुन्यावर काय काय लिहितो.

विषयशिक्षकाला प्रत्येक धड्याला हे करायला सांगू नका. सत्रात दोनदा पुरे. सगळ्या विषयांचं मिळून वर्षाला पुष्कळ वेळा होतं आणि एकही तासिका वेगळी लागत नाही.

अवजार

कामाच्या जागेवर मुलांना घेण्याबद्दल, म्हणजे जॉब शॅडोइंगबद्दल लिहितो. इथे शाळा आणि संस्था दोघंही अडखळतात. संस्थेचा प्रश्न असतो, या मुलांना काय काम द्यायचं? उत्तर सोपं आहे: पहिल्या भेटीत काम द्यायचंच नाही, बघू द्यायचं. पण नुसतं बघणं अर्ध्या तासात कंटाळवाणं होतं, म्हणून निरीक्षणाचा तक्ता लागतो.

एका यजमानाबरोबर (म्हणजे ज्याचं काम बघायचं त्या माणसाबरोबर) दोन मुलं, जास्त नाही. तीन ते चार तास. पूर्ण दिवस पहिल्या खेपेला जड जातो. तक्त्यात सहा रकाने: वेळ, काय चाललं होतं, कोणाबरोबर, कोणतं साधन, काय निर्णय घेतला, काय अडलं. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे बारा ते सोळा ओळी होतात. शेवटचे दोन रकाने मुलं रिकामे ठेवतात, कारण निर्णय डोळ्यांना दिसत नाही. म्हणून यजमानाला आधीच सांगा की मनात चाललेलं मोठ्याने बोला: 'हे बिल मी बाजूला ठेवतोय कारण तारीख जुळत नाही.' एवढं एक वाक्य मुलाला तासभराच्या माहितीपेक्षा जास्त देतं.

जाण्याआधीची यादी:

- पालकांची लेखी संमती. त्यात ठिकाण, वेळ, जाण्यायेण्याची सोय आणि कोणासोबत हे स्पष्ट हवं.
- शाळेतला एक आणि संस्थेतला एक असे दोन जबाबदार मोठे, दोघांचे नंबर एकमेकांकडे.
- मूल आणि यजमान बंद खोलीत एकटे राहणार नाहीत. यजमान आणि मूल यांच्यात वैयक्तिक नंबर किंवा समाजमाध्यमांची देवाणघेवाण नाही, संपर्क शाळेमार्फतच.
- यंत्रं असतील तिथे पूर्ण बंद पादत्राणं, बांधलेले केस, सैल कपडे आणि दागिने नाहीत. फिरत्या यंत्राजवळ उभं राहण्याची जागा जमिनीवर आधीच आखून ठेवा.
- फोटो नाहीत. रुग्ण, ग्राहक, पडद्यावरची माहिती यांतलं काहीही बाहेर जाणार नाही, हे मुलांना आदल्या दिवशी उदाहरणासह समजावा.
- अपघात झाला तर विमा कोणाचा, हे शाळेने आधी लेखी ठरवावं.

आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चर्चा. आठवडा गेला की मुलांना फक्त चहा आणि लिफ्ट आठवते.

मोगरा

@अवजार, यादी कामाची आहे, तिला जोडून एक महत्त्वाची गोष्ट. 'आपापली जागा शोधून या' असं मुलांना कधीही सांगू नका. ज्यांच्या घरात ओळखी आहेत त्यांना वकिलाचं कार्यालय किंवा डिझाइन स्टुडिओ मिळतो, बाकीच्यांना घराशेजारचं दुकान मिळतं, आणि ज्यांना हे दालन उघडून मिळण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं मागे राहतात. जागा शाळेने मिळवायच्या आणि शाळेनेच वाटायच्या. प्रत्येक मुलाने तीन पसंत्या द्याव्या, त्यातली किमान एक अशी असावी की त्या कामातलं घरी कोणीच नाही. वाटप करताना पहिली पसंती सगळ्यांना मिळणार नाही, हे आधीच सांगावं.

जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातली (साधारण आठवीतली) मुलं पाच दिवस परिसरातल्या कामाच्या जागी जातात. सगळी मुलं जातात, निवडक नाहीत. एकाच आठवड्यात सगळा वर्ग बाहेर असल्यामुळे 'माझा तास बुडाला' ही तक्रार राहत नाही आणि परिसरालाही त्या आठवड्याची सवय होते. ही 'सगळे, एकाच वेळी' ची रचना उचलण्यासारखी आहे, पाच दिवस शक्य नसले तरी.

पाटीपेन्सिल

इतकं सगळं करण्याऐवजी एक अभिरुची चाचणी घेतली तर? अर्ध्या तासात अहवाल मिळतो, मुलाला काय जमेल ते समजतं. अनेक शाळा तेच करतात.

कुतूहल

@पाटीपेन्सिल, चाचणीला विरोध नाही, पण ती काय मोजते हे आधी नीट समजून घेऊ. बहुतेक अभिरुची चाचण्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या १९५९ पासूनच्या मांडणीवर उभ्या आहेत. सहा प्रकार: वस्तू आणि यंत्रांशी काम, शोध, कला, माणसांना मदत, नेतृत्व आणि व्यापार, आणि नोंदी व सुव्यवस्था. चाचणी विचारते, 'हे करायला आवडेल का?' म्हणजे ती आवड मोजते, क्षमता मोजत नाही. 'काय जमेल' हे त्या अहवालात नसतंच. पालक आणि मुलं मात्र तसंच वाचतात.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ज्या मुलाने कधी लेथ यंत्र पाहिलं नाही, हिशेबाची वही उघडली नाही, त्याला 'आवडेल का' विचारलं तर ते कशाच्या आधारावर सांगेल? तो अंदाज असतो, आणि अंदाज आधीच्या दहा-बारा नावांवरूनच बांधला जातो. म्हणून चाचणी शेवटी घ्या. दोन-तीन भेटी आणि चार-पाच प्रत्यक्ष कामं करून झाल्यावर.

घ्यायचीच तर ओ-नेट या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावरची ६० प्रश्नांची चाचणी मोफत आहे. तिथली प्रत्येक व्यवसायाची कामांची यादी खूप उपयोगी आहे, पण पगार आणि प्रवेशाच्या अटी अमेरिकेच्या आहेत, त्या वापरू नका. निकाल आला की तीन अक्षरांचा सांकेतिक शब्द (सहा प्रकारांतल्या सगळ्यात जास्त गुणांच्या तीन प्रकारांची आद्याक्षरं) वर्गात जाहीर करू नका, मुलं तो बिल्ल्यासारखा लावून घेतात. चाचणीने सुचवलेल्या यादीतले पंधरा व्यवसाय घ्या आणि मुलाला प्रत्येकासमोर 'हो', 'नाही' किंवा 'कळत नाही' आणि एका ओळीत कारण लिहायला सांगा. समुपदेशनाचं खरं साहित्य ती कारणं असतात. सगळे गुण जवळजवळ सारखे आले, तर 'मुलाला कशातच रस नाही' असा अर्थ काढू नये. बहुधा पाहायला मिळालेलं कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुर्बीण

कारणं लिहून घेण्याबद्दल आणखी थोडं, कारण इथेच वयाचा प्रश्न येतो.

अमेरिकी संशोधक लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ साली मांडलं की मुलं व्यवसाय निवडण्याआधी व्यवसाय वगळत जातात. साधारण सहा ते आठ वयात 'हे मुलांचं काम, हे मुलींचं काम' अशी छाटणी होते. नऊ ते तेरा या वयात प्रतिष्ठेवरून: हे हलकं, हे आपल्या आवाक्याबाहेरचं. स्वतःची आवड आणि स्वभाव यांचा विचार चौदाच्या पुढे सुरू होतो, तोपर्यंत यादी आखूड झालेली असते. मूल एकदा वगळलेल्या कामाकडे आपणहून परत जात नाही. कोणीतरी ते पुन्हा समोर आणावं लागतं. म्हणून पंधराव्या वर्षी सुरू होणारा कार्यक्रम उशिरा सुरू होतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना निवड करायला लावू नका, पण दाखवायला सुरुवात तेव्हाच करा.

करून बघण्यासारखं: तीस कार्डं, प्रत्येकावर पदनाम नाही तर काम. 'पुलाला तडे गेलेत का ते दोरीवर लटकून तपासणे', 'लहान बाळांचं ऐकू येणं तपासणे', 'अपघातानंतर नुकसान किती ते ठरवणे'. मुलांनी एकेकट्याने तीन ढीग करायचे: करून बघेन, नको, कळत नाही. मग 'नको' च्या ढिगावर कारण लिहायचं. कारणं गोळा करून चार भाग पाडा: मुलामुलींचा भेद, प्रतिष्ठा, मला जमणार नाही, आणि खरी नावड. शेवटच्या भागाला हात लावू नका, ती मुलाची हक्काची नावड आहे. पहिल्या तीन भागांत जी कार्डं सगळ्यात जास्त आली त्याच कामांतली माणसं पुढच्या सत्रात बोलवा, आणि भेद हे कारण असेल तर अपेक्षेच्या उलट व्यक्ती बोलवा: बालवाडीचा शिक्षक, वेल्डिंग करणारी बाई. त्यांना 'स्त्री असून हे कसं जमलं' असले प्रश्न विचारू देऊ नका. कामाबद्दलच बोलू द्या. त्या कामात ती व्यक्ती सहज वावरताना दिसणं पुरेसं असतं. जर्मनीत २००१ पासून दरवर्षी मुलींसाठी असा एक दिवस तांत्रिक कामांच्या जागी असतो, नंतर मुलग्यांसाठीही सुरू झाला.

अवजार

आता 'कामाचे नमुने' घेऊ. बघून झालं, ऐकून झालं, पण हातून काहीच झालं नाही तर मूल कल्पनेवरच निवडतं. शाळेत, एका तासात, जवळजवळ फुकट करता येणारे काही:

हिशेब तपासणी. पंचवीस पावत्या आणि त्यांची नोंदवही बनवा. त्यात तीन चुका पेरा: एक पावती दोनदा नोंदलेली, एका रकमेतले दोन अंक उलटसुलट, एका पावतीची तारीख पुढच्या महिन्याची. पंचेचाळीस मिनिटांत चुका शोधून प्रत्येकीबद्दल दोन ओळींची टीप लिहायची. उलटलेल्या अंकांची एक खूण नंतर सांगा: शेजारचे दोन अंक उलटले की बेरजेतला फरक नेहमी नऊने भागला जातो. हे कळल्यावर काही मुलांचे डोळे चमकतात. त्यांची नावं लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर तपासणी. कागदावर नोंदणीचा अर्ज काढा (नाव, जन्मतारीख, फोन, ईमेल). मुलांनी तो 'मोडायचा': ३० फेब्रुवारी लिहिली तर? नावात फक्त एक अक्षर? फोनमध्ये अक्षरं? प्रत्येक त्रुटीचा अहवाल ठरावीक साच्यात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. प्रोग्रॅम लिहिता येत नसला तरी हे काम जमतं, आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो.

रुग्णसेवेतली नोंद. जोडीदाराची नाडी तीस सेकंद मोजून दुप्पट करा, मग पूर्ण साठ सेकंद मोजा. दोन्ही आकडे, वेळ आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. पाच मिनिटं जिना चढ-उतार करून पुन्हा मोजा (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांनी फक्त मोजण्याचं काम करावं). आकडे जुळत नाहीत तेव्हा खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही. मूळ नोंद वाचता येईल अशी ठेवण्याची ही शिस्त मुलांना फार आवडते किंवा फार जाचते. दोन्ही माहिती मोलाची.

तक्रारीला उत्तर. चिडलेल्या ग्राहकाचं एक पत्र, ऐंशी शब्दांत उत्तर. अट: चूक कबूल करायची, कारणं द्यायची नाहीत, पुढे काय होईल ते तारखेसह सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक नमुना तीनदा करून घ्या, वेगवेगळ्या दिवशी, आकडे बदलून. पहिल्या वेळी सगळंच मजेचं वाटतं, कारण नवं असतं. तिसऱ्या वेळी नावीन्य गेलेलं असतं आणि कामाची खरी चव कळते. ज्या मुलाला तिसऱ्या वेळीही वेग वाढवावासा, काम सुबक करावंसं वाटतं, तिथे काहीतरी आहे. मूल तिसऱ्या वेळी कंटाळलं तर तीही चांगली माहिती आहे, आणि तीन तासांत मिळाली आहे.

सूर्यफूल

हे तीनदा करण्याचं फार पटलं. आणखी एक विचारते. मुलं कमाईबद्दल विचारतात तेव्हा शिक्षक विषय टाळतात. का? आणि पालकांनी काय सांगावं?

मोगरा

टाळू नये. टाळलं की मुलं आकडे व्हिडिओंमधून घेतात, आणि तिथे फक्त टोकाचे आकडे असतात.

प्रत्येक कामासाठी एका पानाचं पत्रक बनवा, शक्यतो मुलांकडूनच. त्यात सुरुवातीची कमाई आणि दहा वर्षांनंतरची कमाई, दोन्ही ठिकाणी मधला आकडा: दहा जणांची कमाई चढत्या क्रमाने लावली तर पाचव्या-सहाव्याची. सगळ्यात वरची कमाई लिहायचीच नाही. मग आत येण्याच्या किमान दोन वाटा, प्रत्येकीला लागणारी वर्षं आणि शिक्षणाचा एकूण खर्च, राहण्या-प्रवासासह. कामाचे तास, रात्रपाळी आहे का, उभं राहावं लागतं का, डोळ्यांवर-पाठीवर-आवाजावर काय ताण येतो. वाट अर्ध्यावर सोडली तर हातात काय उरतं: प्रमाणपत्र, अनुभव की काहीच नाही? हा शेवटचा प्रश्न मोठ्या स्पर्धा-परीक्षांच्या बाबतीत कोणी विचारतच नाही, आणि तोच घराला सगळ्यात महाग पडू शकतो. प्रत्येक आकड्यापुढे कुठून आणि कधी घेतला ते लिहायचं. दोन वर्षांपेक्षा जुनं पत्रक पुन्हा तपासायचं.

पालकांसाठी: 'यात पैसा नाही' किंवा 'यात पैसा आहे' असं एका वाक्यात सांगू नका. पत्रक समोर ठेवून 'वर्षं आणि खर्च किती, मग मधला आकडा किती' हा हिशेब मुलाकडून करून घ्या.

पाटीपेन्सिल

लहान गाव, एकच शाळा, आजूबाजूला पाच प्रकारचीच कामं. तिथे काय करायचं?

खडूफळा

@पाटीपेन्सिल, पहिल्यांदा ती पाच कामंच खोलात बघा. एका छोट्या दुकानात खरेदी, साठा, उधारी, भाव ठरवणं, खराब माल आणि ग्राहकाशी बोलणं अशी सहा वेगवेगळी कामं एकच माणूस करतो, आणि मोठ्या संस्थेत त्यातलं प्रत्येक वेगळं पद असतं. मुलांनी ती कामं वेगळी ओळखली की पुष्कळ झालं.

बाहेरच्या जगासाठी माजी विद्यार्थी. दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांची यादी शाळेत असते. फोन केला तर बहुतेक जण बोलायला तयार होतात. व्हिडिओ कॉलपेक्षा स्पीकरवरचा साधा फोन बरा: नेट तुटत नाही, आणि मुलं पडद्याकडे न बघता प्रश्नांकडे लक्ष देतात. पंधरा मिनिटं, एक वर्ग, आधी लिहिलेले दहा प्रश्न, प्रत्येक प्रश्न वेगळ्या मुलाने विचारायचा. कामाच्या जागेचे दोन-तीन फोटो (माणसं आणि गोपनीय माहिती नसलेले) आधी मागवून फळ्याजवळ लावा. प्रश्न ठोस निघतात.

कुतूहल

नोंदींबद्दल राहिलं होतं. अर्ज, तारांकित गुण, 'मी काय शिकलो' वरचा निबंध यांतलं काही नको. साधी वही, प्रत्येक अनुभवाला एक पान, तारीख आणि चार ओळी: काय पाहिलं किंवा केलं, कोणत्या भागात वेळ कसा गेला कळलं नाही, कोणता भाग नको वाटला, आता कोणाला काय विचारायचं आहे. शिक्षकाने तपासून शेरा द्यायचा नाही, नाहीतर मुलं शिक्षकाला आवडेल ते लिहितात. वर्षअखेर मुलाने मागची पानं स्वतः वाचायची. वेगवेगळ्या कामांतून एकच गोष्ट वर येते का, ते शोधायचं. एखाद्याला रुग्णालय, कारखाना आणि ग्रंथालय तिन्हीकडे 'नोंदी जुळवणं' आवडलेलं असतं. हे क्षेत्राच्या नावापेक्षा पुष्कळ पुढे नेणारं आहे.

लाजरी मुलं गटात प्रश्न विचारत नाहीत. त्यांना आधीच एक चिठ्ठी द्या, त्यांनी प्रश्न लिहून पाहुण्याच्या हातात द्यायचा. दृष्टी, श्रवण किंवा हालचालीची अडचण असलेल्या मुलांसाठी 'यांना काय जमेल' हे शिक्षकाने ठरवू नये. त्याच अडचणीसह काम करणारी व्यक्ती पाहुणी म्हणून शोधा आणि ती कोणती साधनं वापरते ते दाखवायला सांगा.

सूर्यफूल

शेवटचा प्रश्न. उपयोग झाला हे कसं ओळखायचं? मुलांचं 'काय व्हायचंय' ठरलं की झालं?

दुर्बीण

नाही. पंधराव्या वर्षी ठरलंच पाहिजे असा आग्रह नको. करिअर समुपदेशनाचे अमेरिकी अभ्यासक जॉन क्रंबोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की अनपेक्षित संधींचा उपयोग करून घेण्याची तयारी हेच एक कौशल्य आहे, आणि त्यात त्यांनी कुतूहल, चिकाटी, लवचिकता, आशावाद आणि धोका पत्करणं अशा पाच गोष्टी धरल्या. अनिर्णय म्हणजे अपयश नव्हे, ही त्यांची भूमिका शाळेसाठी फार कामाची आहे.

मोजायचं असेल तर हे मोजा. वर्षाच्या सुरुवातीला पाच मिनिटं द्या: जी कामं तुम्ही तीन वाक्यांत सांगू शकता ती लिहा. पहिलं वाक्य, त्या माणसाचा दिवस कशात जातो. दुसरं, तो कोणतं साधन किंवा माहिती वापरतो. तिसरं, त्यात आत कसं येतात. तिन्ही वाक्यं बरोबर असतील तरच ते काम मोजायचं. वर्षअखेर हेच पुन्हा. सरासरी काढू नका, प्रत्येक मुलाचे दोन आकडे शेजारी ठेवा. ज्यांचा आकडा हलला नाही त्यांची नावं पुढच्या वर्षीच्या शॅडोइंग यादीत सगळ्यात वर.

खडूफळा

सुरुवात करणाऱ्या शाळेसाठी पहिल्या वर्षाचं किमान गणित मांडतो, एका वर्गासाठी: वस्तूचा व्यायाम एक तास, कार्डांचे ढीग एक तास, तीन पाहुण्यांची फेरी दोनदा म्हणजे दोन तास, दोन नमुने तीनदा म्हणजे सहा तास, शॅडोइंग चार तास, चर्चा आणि वही दोन तास. सोळा तास. विषयांत बसवलेली दहा-दहा मिनिटं वेगळी. यातलं काही कापावं लागलं तर पाहुण्यांची एक फेरी कापा. नमुन्यांची तिसरी खेप आणि दुसऱ्या दिवशीची चर्चा कापू नका. कार्डांवर लिहिण्याजोगी कामं ज्यांना सुचतील त्यांनी खाली लिहावीत, पदनाम न लिहिता, क्रियापदासह.

मोगरा

लगेच पाच: 'पिण्याच्या पाण्याचे नमुने रोज एकाच वेळी घेऊन तपासणे', 'न्यायालयात बोललेला शब्द न् शब्द टिपणे', 'विमान उतरण्याआधी धावपट्टीवरचे पक्षी हटवणे', 'जुन्या कागदांवरची बुरशी काढून ते जोडणे', 'कृत्रिम पाय एका माणसाच्या मापाने घडवून त्याला चालायला शिकवणे'.

अवजार

आणखी तीन: 'लिफ्टचे दोर झिजलेत का ते मोजणे', 'कारखान्यातल्या आवाजाची पातळी मोजून कोणाला कानटोपण हवं ते ठरवणे', 'बियाणांच्या पिशवीतून शंभर दाणे काढून किती उगवतात ते मोजणे'. शेवटचं वर्गातच करता येईल. ओला टिपकागद, शंभर दाणे, आठवडाभर रोज मोजणी. नमुना म्हणूनही वापरा.